नवऱ्याच्या नावाचा रकाना

माझी जबान गेली ती सकाळी, न्याहारीच्या आधी. पडेगावला आमच्या घरामागं मेथीचे चार वाफे होते. मोटर चालू कर म्हणून थोरल्या पोराला सांगायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "शुक्रवार."

थोरला म्हणाला, "आज मंगळवार हाय, आबा."

मी म्हणालो, "शुक्रवार!"

"मंगळवारच हाय. कॅलेंडर आणून दाखवू का?"

मी त्याला एक शिवी दिली. शिवी मात्र अशी खणखणीत आली की त्याला वाटलं, बाप ठणठणीत आहे. तो चहा प्यायला आत गेला. तेवढ्यात माझा उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला आणि मी वाफ्यात बसलो. बघणारे म्हणतात पडलो. मी बसलो.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्यात डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली आहे, ह्याला वाचाघात म्हणतात. हातपाय सुधारतील, बोलण्याला वेळ लागेल. ते हे सगळं थोरल्याला सांगत होते आणि मी मध्ये पलंगावर, जणू माझ्या डोक्याशी माझा काही संबंधच नाही. मला सगळं समजत होतं. पाणी विहिरीत होतं, पोहरा तेवढा सापडत नव्हता.

विहिरीचं नाव काढलं ते उगाच नाही. मी चाळीस वर्षं विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम होतो. कन्नडपासून बिडकीनपर्यंत माझ्या टोळीच्या विहिरी आहेत. वर काठावर उभं राहून साठ फूट खाली माणसाला ऐकू जाईल असा माझा आवाज. सुरुंगाला बत्ती दिली की माझ्या आरोळीनं शेजारच्या शिवारातली माणसंसुद्धा पळायची. अशा माणसाला देवानं एक वार ठेवला, तोही आठवड्यातला सहावा.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, मास्तरांनी अलिफ-बे शिकवलं. ॲक्शन झाल्यावर त्याच मास्तरांनी पाटी पुसायला लावली आणि ग-म-भ-न काढायला सांगितलं. दोन-तीन वर्षं मी सोसलं. मग म्हणालो, "आधी तुमचं काय ते ठरवा," आणि घरी आलो. त्यांनी काय ठरवलं ते मला कुणी कळवलं नाही. म्हणून हे लिहिणं सूनबाईच्या हातचं आहे. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तिची भेंडी चिरून होते. मग ती लिहिते, वाचून दाखवते, आणि मी खोडायला लावतो. ती म्हणते, "मामा, असं लिहीत नसतेत." मी म्हणतो, आपण लिहू.

तर शुक्रवार. भूक लागली, शुक्रवार. पाठ खाजवा, शुक्रवार. कन्नडचे साडू बघायला आले आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "ओळखलं का मलाऽऽ?"

"कानाला काय झालं नाय त्यांच्या," आमची ही म्हणाली. "बोलणं गेलंय. बहिरे तुम्ही व्हाल, तुमच्याच आवाजानं."

साडूंनी वेखंड आणि अक्कलकरा मधात उगाळून आणला होता, तो माझ्या जिभेवर चोळला. जिभेची अशी आग झाली की मी सलग पाच शिव्या दिल्या.

"आला की गुण!" साडू खूश. "उद्या परत चोळू."

दुसऱ्या दिवशी त्यांना बघून मी दात आवळले ते साडू गावी जाईपर्यंत सोडले नाहीत.

त्याहून वाईट खोड म्हणजे व्हय आणि नायची. मनात व्हय असलं की तोंडातून नाय निघायचं, आणि नाय असलं की व्हय. कधी बरोबरही निघायचं, म्हणून आणखी पंचाईत. एकदा न्हाव्यानं विचारलं, "मिशी काढू का, मुकादम?" मी म्हणालो, "व्हय." पुढचे दोन महिने मी अंगणात बसलो नाही. तेव्हापासून आमच्या हिनं घरात कायदा केला: "ह्यांचं तोंड बघू नका, मान बघा." मान माझी खोटं बोलत नव्हती. हातही नाही. चहा हवा असला की डाव्या हाताची बशी करून ओठाला लावायची, पंखा हवा असला की बोट फिरवायचं, पाहुणे नको असले की डोळे मिटून घ्यायचे. हिला सगळं समजायचं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, तशीही आमची अर्धी भांडणं मुक्यानंच चालायची.

आता ही कोण ते सांगायला पाहिजे, पण नाव सांगणार नाही. मी तिला कधी नावानं हाक मारलेली नाही. "ए" म्हणतो, किंवा खोकतो. तीही मला "अवं" म्हणते, आणि दुसऱ्याजवळ बोलताना "आमचे हे" किंवा "थोरल्याचे वडील". आमच्यात असंच असतं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्यावर एकदा आयुष्य कमी व्हायची पाळी येऊन गेली होती, त्यामुळं ती आता जास्तच जपत होती.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. पोरसवदा, पुण्याकडच्या. चित्रांचा गठ्ठा घेऊन बसायच्या. गाय दाखवली की मी शुक्रवार म्हणायचो, त्या वहीत लिहायच्या. एक दिवस चित्रं बाजूला ठेवून म्हणाल्या, "आता घरचं विचारते. बाबा, आजींचं नाव काय?"

बाहेर बाकावर दहा-बारा माणसं बसलेली, दार सताड उघडं. मी ओठ मिटले.

"पहिलं अक्षर सांगू का?"

मी छताकडं बघितलं.

"प्रयत्न तरी करा!"

मी चप्पल शोधायला लागलो. मॅडमनी वहीत मोठं शून्य काढलं. मग हिच्याकडं वळल्या. "आजी, काळजी करू नका. रोज सकाळी ह्यांच्यासमोर बसायचं, हात हातात धरायचा आणि ह्यांचं नाव हळूहळू, मोठ्यानं म्हणायचं. पाच वेळा. मग ते तुमच्यामागून म्हणतील."

हिनं पदर तोंडाला लावला. "मॅडम, ते सोडून काय बी सांगा."

"का? साधं नाव तर आहे."

"साधं हाय, पण तुमच्यासाठी. मी रोज हात धरून रामाचं नाव घेते, चालंल का?"

"त्यांचं नाव राम आहे का?"

"नाय ओ!"

मॅडमनी वहीत पुन्हा काहीतरी लिहिलं. मला वाटतं, हिलासुद्धा थोडं शून्य मिळालं. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "तुम्हाला येत न्हवतं का घ्यायचं न्हवतं?" मी खोकलो. खरं म्हणजे ते मलाही ठाऊक नव्हतं. आत चाचपून बघायची भीती वाटत होती. म्हणून मी घ्यायचं नव्हतं असंच धरून चाललो.

पुढच्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डाव्यात आधीच धुकं होतं. चहात मीठ पडलं, भाजीत साखर पडली, ते मी सोसलं. पण एक दिवस मी हाताची बशी करून ओठाला लावली तर ही म्हणाली, "दात दुखायलाय का?" आणि लवंग आणून दिली. मी बोट फिरवून पंखा मागितला, तर म्हणाली, "चक्कर येऊ लागली काय?" आणि मला आडवं केलं, वर गोधडी घातली. एप्रिल महिन्यात. गोधडीखालून मी शुक्रवार शुक्रवार ओरडत होतो आणि ती माझे पाय दाबत होती.

त्या गोधडीत मला कळून चुकलं. माझं बोलणं एवढ्या गावात एकाच माणसाच्या डोळ्यात उरलं होतं. तो डोळा गेला की मी पुरता मुका.

शहरात डोळ्यांचं शिबिर लागलं. ऑपरेशन फुकट, चष्मा फुकट. आम्हाला कळलं तेव्हा शेवटचा दिवस उरला होता, आणि पुढचं शिबिर कधी ते कुणी सांगत नव्हतं. थोरल्याची कारखान्यात पहिली पाळी, सूनबाई माहेरी. थोरला म्हणाला, "मी सुट्टी टाकतो, आबा." मी छातीवर हात मारला. आपण नेणार. साठ फूट खालून माणसं वर काढली, एक बायको शहरात नेता येत नाही की काय?

निघताना ही म्हणाली, "रेशनकार्ड घेतलं का? त्यावरच नावं असतेत."

मी म्हणालो, "व्हय."

मान मी आडवी हलवली होती. म्हणायचं होतं, नाही घेतलं, फळीवरचं काढून दे. पण तिला आता मान कुठली दिसायला! तिनं ऐकलं ते व्हय, आणि कुलूप लावलं. मला वाटलं, तिनं पिशवीत टाकलं असेल. रिक्षा अर्ध्या वाटेवर पोचल्यावर दोघांनी एकमेकांच्या पिशव्या चाचपल्या. परत फिरलो असतो तर नोंदणी बंद झाली असती. एक वाजेपर्यंतच होती.

शिबिर एका शाळेत होतं. व्हरांड्यात टेबल, टेबलामागं फॉर्म भरणारा कारकून, टेबलासमोर म्हाताऱ्यांची रांग. आमचा नंबर आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

"नाव?" कारकून म्हणाला.

हिनं आपलं नाव सांगितलं. आपलं स्वतःचं घ्यायला बंदी नसते.

"नवऱ्याचं नाव?"

"हे काय, उभे हायेत की."

"उभे दिसतात मला. नाव काय?"

"त्यांनाच विचारा."

कारकून माझ्याकडं वळला. "बोला बाबा."

एव्हाना मला वीस-पंचवीस शब्द परत आले होते. पाणी, भाकर, थांब, गप. स्वतःचं नावही घरात कधीमधी यायचं. पण मागं तीस माणसं आणि पुढं उघडं पेन बघितल्यावर सगळे शब्द आत पळाले आणि दारात एकटा उभा राहिला तो.

"शुक्रवार," मी म्हणालो.

कारकुनाचं पेन थांबलं नाही. त्यानं 'शुक्र' लिहून काढलं.

"अवं नाय!" ही ओरडली. "त्यांचं नाव शुक्रवार न्हाय!"

"मग ते सांगायलेत काय?"

"त्यांना लकवा मारला होता. बोलता येत नाय."

"मग तुम्ही सांगा."

"मला घेता येत नाय."

"तुम्हाला पण लकवा?"

रांगेतून एकजण म्हणाला, "आमच्या गावात सोमवार नावाचा माणूस आहे. लिहा की शुक्रवार, काय बिघडतं?" दुसरा म्हणाला, "लवकर आटपा, माझे डोळे तोवर जातील."

कारकुनानं खोडलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मी नावं घेतो, तुम्ही मान डोलवा." त्यानं विष्णूपासून सुरुवात केली. पण माझं नाव जुन्या वळणाचं, आज कुणी ठेवत नाही. कुठल्याशा नावाला मला नाही म्हणायचं होतं, निघालं व्हय. त्यानं लगेच लिहिलं.

"हे न्हवं!" ही म्हणाली. "ते व्हय म्हणले म्हणजे नाय."

"आणि नाय म्हणले म्हणजे?"

"नायच. कधीमधी व्हय."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "आजी, हा फॉर्म वाया गेला. हा दुसरा. तिसरा माझ्याजवळ नाही. नवऱ्याचा रकाना मोकळा ठेवला तर आतून परत पाठवतात. बाजूला बसा, ठरवा, मग या. एक वाजता मी टेबल उचलणार."

आम्ही बाकावर बसलो. कारकुनानं माझ्या डाव्या हातात खडू देऊन बघितला, मी फरशीवर काढलं ते कोंबड्याचं पाऊल झालं. मी रागावलो, हातवारे करून हिला सांगायला लागलो की तूच सांग, कानात सांग, माझं आयुष्य कमी झालं तर होऊ दे, तसंही काय चाललंय मोठं! हातवारे तिच्या नाकासमोर चालले होते आणि ती दुसरीकडं बघून म्हणाली, "उकडतंय का तुम्हाला?"

मग ती उठली. "चला घरी. एवढं काय अडलंय? आंधळी झाले तरी भाकरी थापता येते मला."

मी बाकाची कड धरून बसलो. ती माझी बाही ओढायला लागली. मी सोडेना. रांगेला फुकटचा तमाशा.

शेजारी बिडकीनची एक म्हातारी बसली होती, डोळ्यात औषध घालून, डोळे मिटून. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "का गं बाई, लग्नात नाव घेतलं नव्हतंस काय?"

"घेतलं की. पण ते उखाण्यात."

"मग इथं कुणी नाय म्हणलंय? घे उखाण्यात. उखाण्यात घेतलेलं लागत नसतं."

"इश्श! सुना-नातवंडं झाली आता."

"नातवंडं बघायलाच डोळा पाहिजे ना? घे."

रांगेतल्या बायकांना एवढंच पाहिजे होतं. "घ्या आजी, घ्या! गप बसा रे सगळे!" कारकुनानं घड्याळ बघितलं आणि पेन उचललं. हिनं पदर डोक्यावर सारखा केला, पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरली, जशी काही काल हळद लागली होती. बराच वेळ जुळवाजुळव केली. मग खाली बघत म्हणाली,

"काळ्या कातळाखाली लागला पाण्याचा झरा,"

सगळे थांबले. पुढं नाव. तिनं तोंड उघडलं, मिटलं. पदर दातात धरला. चाळीस वर्षांची सवय, उखाण्यातसुद्धा ती ऐन जागेवर अडली. सगळा व्हरांडा तिच्या तोंडाकडं बघत होता. आणि त्या मोकळ्या जागेत, काही न चाचपता, काही न ठरवता, माझं नाव माझ्याच तोंडातून बाहेर पडलं. आवाज पूर्वीचा, काठावरचा. आत टेबलावर झोपलेल्या पेशंटनंसुद्धा ऐकलं असेल.

नुसतं नाव नाही, पुढं राव लावून. आपण स्वतःला राव लावू नये हे मला कळतं. पण उखाण्यात जागाच तशी होती.

हिनं दचकून माझ्याकडं बघितलं, जिथं मी असेन असं तिला वाटलं तिथं, आणि उरलेलं घाईनं बोलून टाकलं:

"तापट हायेत लई, पण माणूस खरा!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बिडकीनची म्हातारी म्हणाली, "तापट वाटतोयच." मी तिच्याकडं रागानं बघितलं, पण तिचे डोळे मिटलेले. कारकुनानं रकान्यात नाव लिहिलं, रावसकट. सरकारदरबारी मी अजून कुठं राव नाही, त्या फॉर्मवर आहे. आडनाव हिनं पटकन सांगितलं, आडनावाला बंदी नाही. एकला पाच कमी असताना तिला आत नेलं.

मॅडमना ही गोष्ट सांगितली तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "हेच करायचं घरी! वाक्य तुम्ही सुरू करायचं, शेवटचा शब्द सोडायचा आणि थांबायचं. मनात दहा मोजायचे. घाई करून शब्द त्यांच्या तोंडात कोंबायचा नाही." मग हिला विचारलं, "असे आणखी उखाणे येतात का?"

"कशावर?"

"कशावरही. डाळ, तांदूळ, साबण."

ही आता साबणावर उखाणे रचते. त्यातले बरेच वाईट आहेत. पण साबण मला येतो. मॅडमनी हिच्या नावाचंही पुन्हा विचारलं. मी पुन्हा छताकडं बघितलं. काही गोष्टी वहीत बसत नाहीत.

पट्टी निघाली, काळा चष्मा निघाला. त्या सकाळी मी ऐटीत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिच्या डोळ्यातली माझी जबान आता परत आली म्हणून हाताची सुरेख बशी केली आणि ओठाला लावली.

तिनं बघितलं. नीट, डोळे रोखून बघितलं, आणि भाकरी थापत राहिली.

मी पुन्हा बशी केली. मोठी.

"दिसलं मला," ती म्हणाली. "तुमच्या कानातले केससुद्धा दिसायलेत. सकाळी उठल्यावर मुकादमाला पाहिजे गरम...?" आणि तिनं तोंड मिटून घेतलं. दहा मोजत होती. तिचे ओठ हलत होते.

माझा संताप संताप झाला. डोळा मी मिळवून दिला आणि उपाशी मलाच ठेवते? मी वळलो, शेजाऱ्याकडं गेलो, हाताची बशी करून चहा प्यालो. दुसऱ्या दिवशीही तिकडंच प्यालो. तिसऱ्या दिवशी शेजारी म्हणाला, "मुकादम, वहिनींनी सांगितलंय, तुम्हाला हाताच्या खुणेवर चहा द्यायचा नाही." बाई आता कुंपणापलीकडंही बघायला लागली होती.

चौथ्या दिवशी मी पुन्हा दारात उभा राहिलो. हात पाठीमागं बांधून. ती म्हणाली, "सकाळी उठल्यावर मुकादमाला पाहिजे गरम...?" आणि थांबली. मीही थांबलो. दहा झाले, वीस झाले. तव्यावरची भाकरी करपली, तिनं उलटली नाही. माझ्याच तोंडाकडं बघत राहिली.

"चा," मी म्हणालो.

तिनं गॅसवर भांडं ठेवलं, पाणी ओतलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "साखर किती?"